धुऱ्यावरची शेंग

“ह्या कोपऱ्यातली शेंग मोडली की हो,” मामा म्हणाले.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका गल्लीत तेव्हा माझं डीटीपीचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि लग्नसराईत बाहेरच्या बाकड्यावर ताटकळलेले वरबाप-वधूबाप. वीसेक वर्षं झाली त्याला. मामा औसा तालुक्यातले शेतकरी. धाकट्या मुलाचं लग्न काढलेलं. पत्रिकेचा मजकूर त्यांनी वहीच्या पानावर नीट लिहून आणला होता. कुलदेवतेपासून ‘आहेर आणू नये’पर्यंत त्यात काना-मात्रेचा फरक नको होता. अडलं होतं ते किनारीपाशी. नमुन्यांचा अल्बम त्यांनी एकदा पुढून आणि एकदा मागून चाळला. आंब्याची पानं, मोरपिसं, कोयऱ्या, स्वस्तिकांची माळ. मग अल्बम मिटला आणि म्हणाले, “हे समद्यांच्याच पत्रिकेवर असतंय. आमच्या पत्रिकेला तुरीची वेल काढा.”

तुरीला वेल नसते हे मला ठाऊक होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त. पण किनार म्हटली की ती वेलच, मग कशाची का असेना. मी एक शेंग काढली. जराशी वाकडी, आत चार दाण्यांचे फुगवटे, देठाशी एक पान. फोटोशॉपमध्ये तिचाच ब्रश केला, दोन शेंगांमधलं अंतर ठरवलं, रेघ जिकडं वळेल तिकडं शेंगेनंही वळावं अशी सोय केली आणि पत्रिकेच्या चौकटीवरून ब्रश फिरवला. क्षणात चारी बाजूंनी तूर उगवली. मी खुर्ची मागं सारून मामांकडं पाहिलं. माझ्या मते काम झालं होतं.

मामांचं बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टेकलं होतं. तिथं वरची बाजू संपता संपता एक शेंग काटकोनात कलंडली होती आणि पुढचीच्या अंगावर चढली होती. जिथून सुरुवात केली तिथं परत येताना तर शेवटची शेंग पहिलीच्या पोटातच घुसली होती.

“एवढं कोण बघतंय, मामा?”

“पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची असती. मोडकं कसं ठेवू?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. संध्याकाळी या, करून ठेवतो, असं म्हणालो. मामा काही गेले नाहीत. बाकड्यावर बसून राहिले.

मराठीत रेघ मारतात, ओढतात, आखतात, काढतात. रेघ ‘बनवतात’ असं या धंद्यात येईपर्यंत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काळ्या दगडावरची असो की तळहातावरची, रेघ ही एकच जात, असं आपण धरून चाललेलो असतो. पडद्यावर मात्र तिच्या जाती पाडाव्या लागतात. कोरल ड्रॉमध्ये स्वतःची तुटक रेघ करायची तर एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात बारक्या चौकोनांची आडवी पट्टी असते. चौकोनावर टिचकी मारली की तो काळा, पुन्हा मारली की पांढरा. काळा म्हणजे शाई, पांढरा म्हणजे सोडलेली जागा. तीन काळे, दोन पांढरे, एक काळा, दोन पांढरे. उजवीकडचा दांडा सरकवून ‘नमुना इथं संपला’ असं सांगायचं आणि रेघांच्या यादीत त्याची भर घालायची. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही अशीच चौकोनांची पट्टी आहे. फोटोशॉपला ही सोय उशिरा सुचली. ‘इतकी रेघ, इतकी फट’ असे आकडे भरायची जागा तिथं आली २०१२ मध्ये. तोवर आम्ही ब्रशवरच भागवत होतो. ब्रशचं अंतर शंभर टक्क्यांच्या पुढं नेलं की सलग फटकाऱ्याचे सुटे सुटे ठिपके होतात आणि ठिपक्याच्या जागी शेंग ठेवली की शेंगांची रांग.

या सगळ्याच्या मुळाशी पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या ॲडोबी कंपनीनं ती १९८४ मध्ये बाहेर आणली आणि छापखान्यांतले खिळे उठवायला तिनं मोठाच हातभार लावला. तुटक रेघेसाठी त्या भाषेत एक आज्ञा आहे. कंसात आकडे द्यायचे, समजा ४ आणि २, आणि कंसाबाहेर आणखी एक आकडा. अर्थ असा की चार मापं काढ, दोन सोड, पुन्हा चार काढ, पुन्हा दोन सोड. बाहेरचा आकडा सांगतो की नमुन्यातल्या नेमक्या कुठल्या जागेपासून सुरुवात करायची. जगातली कुठलीही तुटक रेघ एवढ्यात सांगून होते. काय काढायचं, किती सोडायचं, कुठून सुरू करायचं.

बाकड्यावर कंटाळलेल्या मामांना मी हे समजावून सांगायला गेलो. वेळ जावा म्हणून आणि थोडं त्यांच्यावर छाप पडावी म्हणूनही. चार काढ, दोन सोड, हे त्यांना पहिल्या झटक्यात कळलं.

“म्हणजे सोयाबीन-तूर. चार तास सोयाबीन, दोन तास तूर.”

“तसंच. फक्त दोनच्या जागी आम्ही काही काढत नाही. ती सोडतो.”

“सोडता कसं? तिथंच तर तूर हाय.”

मी हसलो खरा, पण ते मनात राहून गेलं. लातूरकडं सोयाबीन आणि तूर अशी पट्ट्यांनी पेरतात; तास म्हणजे पेरणीची ओळ. कुठं चारास दोन, कुठं दोनास एक. सोयाबीन शंभरेक दिवसांचं पीक. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते कापून, मळून बाजार समितीत जातं. तोवर तूर दोन तासांत अंग चोरून उभी असते. सोयाबीन निघालं की तिला वारा लागतो, ऊन लागतं, ती रुंदावते आणि पौषापर्यंत रानात एकटी डुलते. आषाढात जी रेघ होती ती कार्तिकात फट झालेली असते आणि जी फट होती तीच रेघ. आमच्या चौकोनांच्या पट्टीत काळ्याचं पांढरं व्हायला टिचकी लागते; रानात त्याला नुसता वेळ लागतो.

छापण्यातही सोडलेली जागा काही रिकामी बसत नाही, हे स्क्रीन प्रिंटिंगवाला कुणीही सांगेल. पडद्यावर दिसते तशी फट कागदावर कधीच उतरत नाही. शाई पसरते, कडा सुजतात आणि बारीक ठिपक्यांची रांग बुजून गबाळी जाड रेघ होते. म्हणून फट नेहमी जराशी जास्त ठेवायची. हा धडा मला एका पत्रिकेनं दिला. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात मोठाच फरक आहे तो डोक्यावरच्या रेघेचा. ‘घ’ची रेघ सलग, ‘ध’ची तुटलेली. शाईनं ती फट भरली आणि सहाशे पत्रिकांवर एका गृहस्थांची ‘धर्मपत्नी’ ‘घर्मपत्नी’ होऊन आली. घर्म म्हणजे घाम. गृहस्थ चिडले. त्यांच्या पत्नी मात्र म्हणाल्या की पहिल्यांदाच कुणीतरी खरं छापलं. पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि तेव्हापासून ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरून भिंग फिरवल्याशिवाय मी काही छपाईला सोडलं नाही.

तसं पाहिलं तर मराठी मजकूर हीच एक तुटक रेघ आहे. छापलेलं पान लांब धरा आणि डोळे किलकिले करा. अक्षरं विरून जातात आणि शिरोरेषा उरतात. ‘तूर’ची आखूड, ‘सोयाबीन’ची लांब, ‘हो’ची नखाएवढी, मधे मधे मोकळ्या जागा. कुठल्याही पट्टीत न बसणारा नमुना, कारण तो फिरून येतच नाही. मोडीत असं नव्हतं. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्द कुठं संपला ते रेघ सांगायची नाही, वाचणाऱ्यानं ओळखायचं. रेघ संपली की मजकूर पुढच्या ओळीत, मग शब्द अर्धा राहिला तरी चालेल. मोडीच्या कारकुनाला कोपरा आडवा येत नव्हता. छापखाना आला, बाळबोध रुळली आणि प्रत्येक शब्दाला स्वतःपुरती रेघ मिळाली. आता मथळा ऐसपैस दिसावा म्हणून कुणी अक्षरांमधलं अंतर वाढवतो, आणि ‘शुभविवाह’ पाच तुकड्यांत विखरून पडतो. रोमन लिपीत शोभणारी ही युक्ती आपल्याकडं शब्दाची पाठ मोडते.

मी हा धंदा शिकलो नांदेडला, वजिराबादेतल्या एका जुन्या छापखान्यात. तिथं कॉम्प्युटर नुकता आला होता आणि ट्रेडल अजून गेलं नव्हतं. खिळे जुळवणारे एक म्हातारे जुळारी होते. डोळ्यांनी अधू झालेले, तरी बोटांनी खिळा ओळखायचे. किनारीचे खिळे त्यांच्याकडं एका वेगळ्या खणात असत आणि त्या खणात कोपऱ्यांचे खिळे पुन्हा वेगळे. फूल, पान, नक्षी काहीही असो, तिच्या कोपऱ्याचा तुकडा निराळा ओतलेला असायचा. मी कौतुकानं एकदा किनार जुळवायला घेतली. डावीकडून सुरुवात करून पानामागून पान लावत गेलो आणि उजव्या टोकाला पोचलो तर पाऊण पानाएवढी जागा उरली. जुळारीकाकांनी सगळं मोडायला लावलं. म्हणाले, “कोपरे आधी बसव. मग मधल्यात काय मावतं ते बघ. कमी पडलं तर पानापानात शिशाची चपटी पट्टी सार, कुणाला कळणार नाही.”

इलस्ट्रेटरमधल्या नक्षीच्या ब्रशला पाच तुकडे लागतात: बाजूचा, बाहेरच्या कोपऱ्याचा, आतल्या कोपऱ्याचा, सुरुवातीचा आणि शेवटचा. ती पाच खोकडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला नांदेडच्या त्या खणाची आठवण झाली. बाजूचा तुकडा कुणीही काढतो. उरलेली चार खोकडी बहुतेक जण रिकामी ठेवतात आणि मग कोपऱ्यात भोक पडलं म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देतात. लोकांची ही खोड पाहूनच की काय, २०१३ च्या आवृत्तीपासून ते कोपरा आपला आपण बनवून द्यायला लागलं. बाजूचाच तुकडा दुमडून, वाकवून, कापून जोडतं. ठीक जमतं. ओतलेला कोपरा आणि दुमडलेला कोपरा यातला फरक मात्र जुळारीकाकांना बोटांनी कळला असता.

कोपऱ्याची कटकट टाळायची असेल तर गोल काढावा. माझं दुकान ज्या गोलाईच्या मागं होतं ती हे जाणून होती. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं निजामाच्या काळात तिची आखणी केली; १९१७ साल सांगतात. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती बाजाराचं गोल कडं आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. सोनं एका रस्त्यावर, कापड दुसऱ्यावर, गूळ-मिरची तिसऱ्यावर. गोलाला सोळानं भागलं की प्रत्येक रस्त्याच्या वाट्याला साडेबावीस अंश येतात. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. गोलावर नमुना फिरवायचा तर एकच काळजी, शेवट सुरुवातीला येऊन नीट भिडला पाहिजे. आपल्या मुलखात अशा गोलाचं काम सगळ्यात काटेकोर चालतं ते नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत. उदगीरकडच्या खादीचे राष्ट्रध्वज तिथं तयार होतात. चक्राला चोवीस आरे, दर पंधरा अंशांवर एक, ध्वजाची लांबी-रुंदी तीनास दोन. तिथं कारागिराच्या मनाची रेघ चालत नाही आणि चालूही नये.

पण पत्रिका चौकोनी असते, शेत चौकोनी असतं आणि भांडणं तर कोपऱ्यावरच होतात. लग्नसराई सरली की दुकानात दुसरी गिऱ्हाइकं यायची, ती गाव नकाशे घेऊन. बांधाचा वाद, वाटेचा वाद, तहसीलला अर्ज. नकाशा मोठा करून द्या, स्वच्छ करून द्या. गाव नकाशाला रेघांची स्वतःची भाषा आहे. गावाहून गावाला जाणारा रस्ता दोन सलग रेघांनी दाखवतात, गाडीवाट दोन तुटक रेघांनी, पायवाट एका तुटक रेघेनं. आणि हे नुसतं दाखवण्यापुरतं नसतं. सलग रेघेच्या रस्त्याला तेहतीस फुटांपर्यंत रुंदी धरतात, गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस, पायवाटेला सव्वाआठ. तेहतीस फूट म्हणजे गुंठ्याची एक बाजू. साडेसोळा तिचं अर्धं, सव्वाआठ पाव. कुण्या मोजणीदाराच्या टाकानं जिथं उचल घेतली, तिथं बैलगाडी चालणार की नुसता माणूस, हे ठरून गेलेलं असतं. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं की नकाशातली पहिली मरते ती हीच तुटक रेघ. आधी ठिपके उरतात, मग डाग, मग पायवाट होती की कागदाला सुरकुती होती हेही सांगता येत नाही.

असाच एक जण संध्याकाळी दुकान रिकामं बघून आत आला. नकाशा स्कॅन करून, रेघा गिरवून पडद्यावर घेतलेला होता. खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाला, “सर, एवढं तुटक तेवढं जोडून द्या. काय लागतंय तुम्हाला? दोन क्लिक.”

खरंच बोलत होता. ओळ निवडायची, रेघेची जात बदलायची. पत्रिकेवर मी हे दिवसातून पन्नास वेळा करायचो. पण इथं गाडीवाटेचा रस्ता झाला असता आणि कुणाच्या तरी रानातून बारा-सोळा फुटांची पट्टी माझ्या माऊसखाली सरकली असती. नकाशा मोठा करून दिला आणि तुटक ते तुटक ठेवलं. तो माणूस पुन्हा आला नाही. दोन गल्ल्या पलीकडं आणखी एक दुकान होतं.

जिल्ह्याच्या आणि राज्याच्या नकाशातल्या रेघा तर आणखी तालेवार. राज्याच्या सीमेचा ताल वेगळा, जिल्ह्याचा वेगळा, तालुक्याचा वेगळा. रेघ-ठिपका, रेघ-ठिपका असं त्या म्हणत जातात. आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा, मग हैदराबाद राज्याचा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेवरून राज्यं बेतली तेव्हा इथून नवी रेघ गेली. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचना कायद्यातला या भागाचा मजकूर वाचताना मला नेहमी मजा वाटते, कारण त्यात टाके आखूड होत जातात. आधी लांब टाके: औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, आख्खे जिल्हे. मग तालुक्याचे टाके: बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर इकडं, आदिलाबादेतले किनवट आणि राजुरा इकडं. आणि अगदी कोपऱ्यात टाका सर्कलवर येतो. नांदेड जिल्हा घ्यायचा, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल सर्कलं सोडून. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर सोडून. आणि बोथ तालुक्यातलं एकटं इस्लापूर तेवढं उचलून.

एवढे बारीक टाके घातले तरी कोपरा निसटलाच. रेघेपलीकडं भालकीत, औरादेत मराठी घरं राहिली. अलीकडं बिलोली-देगलूरकडं तेलुगू घरं राहिली. ह. वि. पाटसकरांनी आंध्र आणि मद्रासची सीमा ठरवताना खेडं हा घटक धरला होता. महाराष्ट्राचं कर्नाटकाशी असलेल्या सीमावादातलं म्हणणंही तेच आहे, टाका खेड्याएवढा धरा. ८६५ गावांचा तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि खेड्याएवढा टाका धरला तरी एकाच गल्लीत समोरासमोर दोन भाषा राहत असतील तर काय करायचं? उदगीरच्या मुलीची सोयरीक भालकीला होते तेव्हा पत्रिका माझ्याकडं येते. एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड आणि भोवती एकच किनार. ती कुठं तोडायची हा प्रश्न वधूपक्षही विचारत नाही आणि वरपक्षही.

टाका आखूड करत कोपरा गाठायचा, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते आजीच्या वाकळीवर. आजी कंधारकडची. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून ती कडेनं धावदोरा सुरू करायची. बाहेरून आत, चौकोनाच्या आत चौकोन, मध्यावर येईपर्यंत. धावदोरा म्हणजे तुटक रेघच. दोरा वर दिसतो तेवढा काढलेला, खाली जातो तेवढा सोडलेला. आणि वाकळ उलटी केली की सोडलेलं वर येतं. आजीकडं माप नव्हतं. बाजू किती उरली हे तिला कळायचं ते कोपरा चार बोटांवर आल्यावर. मग शेवटचे तीन-चार टाके ती लहान करायची आणि बरोबर कोपऱ्यात सुई काढायची. त्या वाकळींच्या प्रत्येक कोपऱ्यात टाक्यांची ही दाटी आहे. अंधारात हात फिरवला तरी कळतं की आता वळण आलं.

२०१० मध्ये इलस्ट्रेटरमध्ये नेमकं यासाठी एक बटण आलं. ते दाबलं की तुटक रेघेचे टाके आपोआप लहान-मोठे होतात आणि प्रत्येक कोपऱ्यात अर्धा-अर्धा टाका सारखा वळतो. बटण पाहून मला आजी आठवली, पण रीत मात्र आजीची नव्हती. यंत्राला बाजूची लांबी आधीच माहीत असते. म्हणून चूक ते शेवटाला ढकलत नाही. सगळ्या टाक्यांत वाटून टाकतं, प्रत्येकाच्या वाट्याला केसाएवढी. कुठल्याच टाक्याला कळत नाही की आपण थोडे आखूड झालो. जुळारीकाकांचीही हीच युक्ती, फक्त त्यांच्या हातात शिशाची पट्टी होती. आजीला पुढचं दिसत नव्हतं, त्यामुळं तिची चूक साचत साचत कोपऱ्यात यायची आणि तिथं ती सगळ्यांदेखत निस्तरायची. काम यंत्राचं सफाईदार, यात शंका नाही. पण वाकळ कुणी शिवली हे सांगायची वेळ आली तर मी कोपराच चाचपेन.

तर संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मामा बाकड्यावर होते. मी तोवर दोन-तीन उपाय करून पाहिले होते. अंतर वाढवून शेंगा विरळ केल्या. किनार पीक वाळल्यासारखी दिसायला लागली. शेंग सगळीकडंच बारीक केली. मामा म्हणाले ही तूर नाही, मूग झाला. कोपऱ्यात कमळ बसवलं. त्यांनी मान हलवली. तुरीच्या रानात कमळ कुठून येणार?

शेवटी मीच विचारलं, “मामा, रानात कोपऱ्याला तुम्ही काय करता?”

“काय करायचंय? धुऱ्यापर्यंत तिफण जाती. तिथं बैल वळत्यात, तिथलं रान तुडवतंय. मग शेवटाला आडवे दोन तास मारायचे.”

“आणि तिथं पीक कसं येतं?”

“येतंय की. पर बारीक. धुऱ्यावर झाडाचा वसवा, बैलाचा पाय, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात. तिथली शेंग दोन दाण्याचीच.”

म्हणता म्हणता ते उठून पडद्याजवळ आले. मी चार दाण्यांची शेंग घेतली, दोन दाणे पुसले, देठाशी पान तेवढंच ठेवलं आणि ती आडवी धरून चारी कोपऱ्यांत हातानं बसवली. तिच्यापासून दोन्ही बाजूंना मोठ्या शेंगा सोडल्या. उरलेली फट पडली ती बाजूंच्या मध्यावर, आणि तिथं मी पानं जराशी पसरली. एकही शेंग दुसरीवर चढली नाही.

प्रिंट काढून हातात दिली. मामांनी चष्मा पुसला, कागद दारातल्या उजेडाकडं धरला आणि बोट एका कोपऱ्यावर टेकवून धुरा फिरून यावा तशी किनार फिरायला सुरुवात केली. चौथ्या कोपऱ्याला पोचले तेव्हा बोट थांबलं.

“आता कसं,” ते म्हणाले, “रान वाटायलंय.”